दही पुन्हा पुन्हा बिघडतंय? तपासणी कुठून सुरू करायची

एखाद्या वेळी दही बिघडलं तर तो योगायोग असू शकतो. तेच दही त्याच प्रकारे वारंवार बिघडत असेल तर त्यामागे ठरावीक कारण असतं आणि ते घरच्या घरी शोधता येतं. बहुतेक जण मात्र कंटाळून सगळंच एकदम बदलतात: दूध नवं, विरजण नवं, भांडं नवं, ठेवायची जागाही नवी. मग दही लागलं तरी कशामुळे लागलं ते कळत नाही आणि काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा सुरू होते. अशी हट्टी दही मी अनेकदा दुरुस्त केली आहेत आणि प्रत्येक वेळी उपयोगी पडलेली पद्धत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ज्याला पैसे लागत नाहीत त्यापासून सुरुवात करा. सुरुवातीला विकत घ्यायची वस्तू एकच, स्वयंपाकात चालणारा थर्मामीटर.

लक्षणं आधी ओळखा

दही "बिघडलं" म्हणजे नेमकं काय झालं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं असतं.

- दूध जसंच्या तसं राहिलं, दाटपणा अजिबात नाही.
- दही अधमुरं राहिलं: वर साय धरली, खाली पातळ.
- दही लागलं, पण चमचा घातला की ढासळतं आणि भरपूर पाणी सुटतं.
- चव बरी आहे, पण चमच्याला तार येते, बुळबुळीत लागतं.
- घट्ट आहे, पण आंबटढाण, रवाळ, वर हिरवट-पिवळं पाणी साचलेलं.
- चव कडवट आहे.
- बुडबुडे आले, फसफसलं, झाकण फुगलं, यीस्टसारखा किंवा कुजका वास येतो; वर गुलाबी, नारिंगी, हिरवे किंवा काळे डाग दिसतात.

शेवटच्या प्रकाराची तपासणी करत बसायचं नाही. चव न घेता टाकून द्यायचं. वरचा बुरशीचा थर काढून खालचं खाणंही नको. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. त्या घाण्यातलं विरजण पुढे वापरू नका. भांडी उकळत्या पाण्याने धुऊन घ्या आणि नव्या विरजणाने सुरुवात करा.

तपासणीआधी दुधात काय घडतं ते थोडक्यात. दह्याच्या नेहमीच्या विरजणात दोन जिवाणू एकत्र काम करतात: स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसऱ्याच्या नावात बल्गेरिया आहे, कारण स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने १९०५ मध्ये आपल्या देशातल्या दह्यात तो शोधला. हे दोघे दुधातल्या लॅक्टोज या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन एकमेकांत गुंतून जाळी धरते आणि त्या जाळीत पाणी अडकतं. दही लागणं म्हणजे एवढंच. आम्ल कमी पडलं तर जाळी तयार होत नाही, फार वेगाने किंवा फार जास्त झालं तर ती आकसते आणि पाणी बाहेर टाकते. खालच्या बहुतेक तपासण्या या आम्लाच्या वेगाबद्दलच आहेत.

१. वेळ आणि हलवाहलव

खर्च शून्य, म्हणून ही तपासणी पहिली. दूध ४२-४३ अंश सेल्सिअसला टिकून राहिलं तर दही साधारण ५ ते ८ तासांत लागतं. तेच ३० अंशांच्या आसपास असेल तर १२ तास किंवा जास्तही लागू शकतात. पुडीतली कोरडी कल्चर पहिल्या वेळी जास्त वेळ घेते, कारण सुकवलेल्या जिवाणूंना आधी जागं व्हावं लागतं. पुढच्या घाण्यापासून वेग वाढतो.

दही लागलं का हे बघायला चमचा घालू नका. भांडं किंचित कलतं करा. दही एकसंध सरकलं आणि कडेपासून सुटल्यासारखं दिसलं की झालं. जाळी बनत असताना भांडं हलवलं, ढवळलं, इकडून तिकडे नेलं तर ती तुटते आणि पुन्हा तशी जुळत नाही. "लागतं पण पाणी सुटतं" ही तक्रार असेल तर आधी घरात त्या भांड्याला मधूनमधून कोण हात लावतं ते पाहा.

वेळ संपली तरी दही अधमुरंच असेल आणि वास स्वच्छ, हलका आंबूस येत असेल, तर भांडं ४३-४५ अंशांच्या पाण्यात ठेवून आणखी दोन-तीन तास द्या. बरेचदा लागून जातं. पण १०-१२ तास ऊबेत राहूनही दूध जराही दाटलं नसेल, आंबूस वासही नसेल, तर ते वाचवायचा प्रयत्न करू नका. त्यातच नवं विरजण घालणं किंवा ते पुन्हा उकळून वापरणं, दोन्ही चुकीचं. काही जिवाणूंचे बीजाणू दूध उकळल्यावरही टिकतात, आणि आम्लाचा पहारा नसलेलं कोमट दूध त्यांना वाढायला अगदी सोयीचं असतं. काहींनी तयार केलेलं विष तर उकळल्यानेही जात नाही. लिटरभर दूध टाकताना जीव तुटतो हे मला माहीत आहे, तरीही टाकाच.

२. विरजण घालताना दूध किती गरम होतं

बोट बुडवून "सोसवेल इतकं कोमट" बघायची पद्धत रोज दही लावणाऱ्या हाताला जमते, पण बिघाड शोधताना ती पुरेशी नाही. त्याच दुधात बुडवलेलं थंड बोट आणि नुकतंच गरम भांडं उचललेलं बोट वेगवेगळा अंदाज देतात. थर्मामीटर वापरा. दूध आधी ढवळा, मग मोजा, कारण जाड बुडाच्या पातेल्यात वरचा थर निवलेला आणि तळ बराच गरम असू शकतो.

विरजण ४२ ते ४५ अंशांना घालावं. ५० च्या पुढे जिवाणू दुबळे पडतात आणि ५५-६० अंशांना मरू लागतात. दूध जसंच्या तसं राहिलं, या पहिल्या लक्षणामागे विरजण भाजलं जाणं हे फार नेहमीचं कारण आहे. ३५ च्या खाली घातलं तर ते मरत नाही, पण कामाला लागायला खूप वेळ घेतं.

थर्मामीटरचीही खातरजमा करा. कुस्करलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात तो ० दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीला १०० दिसतं. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी धरा.

३. ऊब शेवटपर्यंत टिकते का

सगळ्यांत जास्त बिघाड इथे सापडतात आणि सगळ्यांत कमी लक्षही इथेच दिलं जातं. सुरुवातीचं तापमान मोजणारे पुष्कळ असतात, चार तासांनी भांड्यात काय आहे ते कोणी बघत नाही.

यासाठी दूध वाया घालवायची गरज नाही. नेहमीच्या भांड्यात नेहमीएवढंच ४३ अंशांचं पाणी भरा, नेहमीसारखं झाका, गुंडाळा, नेहमीच्या जागी ठेवा. दोन, चार आणि सहा तासांनी तापमान मोजून लिहून ठेवा. ऋतू बदलला की हीच चाचणी पुन्हा करा. उन्हाळ्यात उत्तम लागणारं दही थंडीत का रुसतं, ते त्या तीन आकड्यांत दिसतं.

सहा तासांनीही पाणी ३८-४० च्या आसपास असेल तर जागा चांगली आहे, दोष दुसरीकडे शोधा. दोन-तीन तासांतच ३५ च्या खाली गेलं तर अधमुऱ्या दह्याचं कारण मिळालं. भांडं लहान आणि दूध थोडं असेल तर ऊब लवकर जाते. वाटीभर दही लावणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. भांडं जाड टॉवेलात गुंडाळून बंद डब्यात गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा, किंवा रुंद तोंडाचा थर्मास वापरा. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवण्याची युक्ती काही ओव्हनमध्ये छान चालते, काहींमध्ये तो दिवा प्रमाणाबाहेर तापवतो. तिथेही आधी पाणी ठेवून बघा.

तार सुटणाऱ्या दह्याचं उत्तर बहुधा इथेच असतं. दह्याचे काही जिवाणू आपल्याभोवती शर्करांच्या लांब साखळ्या सोडतात, चिकटपणा त्यांचाच. तापमान कमी असलं आणि लागायला उशीर झाला की या साखळ्या जास्त बनतात. वास स्वच्छ असेल तर नुसती तार धोक्याची नाही. फिनलंडमधलं व्हीली हे दही तर मुद्दाम तसंच बनवतात. ऊब वाढवूनही तार जात नसेल तर ती विरजणाच्या वाणातच आहे. मग विरजण बदलायचं.

दही करण्याचं यंत्र वापरत असाल तर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यातही पाण्याची चाचणी करा. आत ४७-४८ अंश होत असतील तर आंबटढाण, रवाळ, पाणी सुटलेल्या दह्याचं मूळ तेच. जास्त उष्णतेत दोन जिवाणूंचा समतोल बल्गेरिकसकडे झुकतो, आणि जास्त आंबटपणा तोच आणतो. फ्रीजमध्ये गेल्यावरही तो हळूहळू आम्ल बनवत राहतो. म्हणून दही लागताक्षणी थंडीत गेलं पाहिजे, "आणखी जरा घट्ट होऊ दे" म्हणून बाहेर ठेवू नये. खरा घट्टपणा थंड झाल्यावर येतो.

४. दूध पुरेसं तापवलं का

पिशवीतलं पाश्चरीकृत दूध सुरक्षित असतं, मग ते नुसतं कोमट करून विरजलं तर? दही लागेल, पण सैल. दूध ८५ अंशांना २० ते ३० मिनिटं, किंवा ९० च्या पुढे ५ ते १० मिनिटं ठेवलं की त्यातल्या निवळीची प्रथिनं उलगडतात आणि केसीनला चिकटतात. मग जाळी घट्ट होते आणि पाणी धरून ठेवते. ऊतू येताच गॅस बंद करणाऱ्यांची तक्रार "लागतं पण पाणी सुटतं" अशी असते. आच मंद करून आणखी दहा मिनिटं ढवळत राहिलं की दुसऱ्या दिवशी फरक दिसतो. या तापवण्याने विरजणाशी स्पर्धा करणारे जिवाणू मरतात आणि दुधात विरघळलेला प्राणवायूही निघून जातो. दह्याच्या जिवाणूंना तो फारसा मानवत नाही. कच्चं दूध असेल तर तापवणं सुरक्षिततेसाठीही अनिवार्य आहे.

तापवल्यावर दूध तासन्‌तास निवत ठेवू नका. पातेलं थंड पाण्यात बसवून लवकर ४५ पर्यंत आणा.

अतिउच्च तापमानाचं, म्हणजे खोक्यात महिनोन्‌महिने टिकणारं दूध कारखान्यातच १३५ अंशांच्या पुढे तापवलेलं असतं. ते पुन्हा उकळायची गरज नाही, पण त्याचं दही मऊच लागतं. तो तुमच्या कृतीचा दोष समजू नका.

५. विरजण

आता थोडा खर्च येतो. आधी प्रमाण तपासा, ते फुकट आहे. १ लिटर दुधाला दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम ताजं दही पुरतं. लागत नाही म्हणून वाटीभर विरजण घालायची सवय अनेकांना असते. त्याने उलट नुकसान होतं: आम्ल फार वेगाने तयार होतं, जाळी खरखरीत होते, दही आंबट आणि रवाळ लागतं. विरजण आधी थोड्या कोमट दुधात गुठळ्या मोडेपर्यंत फेटा, मग सगळ्या दुधात मिसळा. जागोजागी वेगवेगळं लागलेलं दही म्हणजे नीट न मिसळलेलं विरजण.

मग त्याचं वय बघा. ते आठवड्याच्या आतलं असावं, आणि दही तयार होताच, कुणाचा उष्टा चमचा पडण्याआधी, स्वच्छ लहान बरणीत बाजूला काढलेलं असावं. जुन्या, आंबलेल्या विरजणात जिवंत जिवाणू कमी उरतात. कडवटपणाही बरेचदा म्हाताऱ्या विरजणातून किंवा शिळ्या दुधातून येतो, कारण तिथे प्रथिनांचे कडू तुकडे पडू लागलेले असतात.

विकतचं दही विरजण म्हणून घेताना वेष्टन वाचा. त्यावर जिवंत कल्चर असल्याचा उल्लेख हवा. काही दही तयार झाल्यावर टिकण्यासाठी पुन्हा तापवलेलं असतं. त्यात जिवंत काही उरत नाही आणि त्याने कितीही दूध विरजलं तरी लागणार नाही. गोड, फळांचं किंवा घट्ट करणारे पदार्थ घातलेलं दही टाळा. प्रोबायोटिक गोळ्याही या कामाच्या नाहीत, कारण त्यातले अनेक जिवाणू दुधात फार सावकाश वाढतात.

पुडीतली कल्चर असेल तर ती उबदार प्रकारची आहे की साध्या तापमानाची, हे तपासाच. साध्या तापमानाच्या कल्चरमध्ये लॅक्टोकोकस कुळातले जिवाणू असतात आणि ते २० ते ३० अंशांत काम करतात. त्यांना ४३ अंशांत ठेवलं तर दही लागत नाही, मग माणूस चांगल्या कल्चरला दोष देतो.

एक विरजण महिनोन्‌महिने पुढे चालवलं की दोन जिवाणूंचं प्रमाण बदलत जातं, बाहेरचे यीस्ट शिरतात, कधी जिवाणूंनाच मारणारे बॅक्टेरियोफेज नावाचे विषाणू शिरकाव करतात. दही दर घाण्याला थोडं थोडं उशिरा लागू लागलं तर ही खूण समजा. असं दमलेलं विरजण सुधारत बसू नका, नवं आणा.

६. भांडी

हे झटपट. साबणाचा, ब्लीचचा किंवा जंतुनाशकाचा अंश राहिला तर तो विरजणालाही मारतो. भरपूर पाण्याने विसळा, मग उकळतं पाणी फिरवून ओता. पुसायला ओलं फडकं वापरू नका. यीस्ट आणि बुरशी बहुतेक तिथूनच येतात.

७. दूध

वरचं सगळं ठीक असूनही दही कायम सैल येत असेल तर दुधात प्रथिनं कमी आहेत. लिटरमागे २५-३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर तापवण्याआधी विरघळवा. सायीने चव आणि मऊपणा येतो, पण जाळी प्रथिनांची असते, त्यामुळे नुसतं जास्त स्निग्धांशाचं दूध घेऊन हा प्रश्न सुटेलच असं नाही. लॅक्टोजमुक्त दुधाचं दही लागतं, कारण त्यातली साखर फोडलेली असते, काढून टाकलेली नसते. सोया दुधाचं लागतं. बदाम किंवा नारळाच्या दुधात जाळी धरणारी प्रथिनं पुरेशी नसल्याने वेगळा घट्ट करणारा पदार्थ घालावा लागतो. विरजण्याआधी खूप साखर घातली तर जिवाणू मंदावतात. साखर आणि फळं दही लागल्यावर घाला.

८. चार वाट्यांची चाचणी

इतकं होऊनही दूध दूधच राहत असेल तर दोष विरजणात की दुधात, हे एका दिवसात ठरवता येतं. दुसऱ्या ठिकाणचं दूध आणि दुसरं ताजं विरजण आणा. चार सारख्या वाट्या घ्या: जुनं दूध-जुनं विरजण, जुनं दूध-नवं विरजण, नवं दूध-जुनं विरजण, नवं दूध-नवं विरजण. दोन्ही दुधं सारखीच तापवा, सारखीच निववा, वाट्यांना चिठ्ठ्या लावा आणि एकाच उबेत शेजारी शेजारी ठेवा.

जुनं विरजण असलेल्या दोन्ही वाट्या फसल्या तर विरजण संपलं आहे. चारही फसल्या तर ऊब पुन्हा तपासा, दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याकडे परत जा. जुनं दूध असलेल्या दोन्ही फसल्या आणि नव्या दुधाच्या दोन्ही लागल्या, तर दुधात जिवाणूंना रोखणारं काहीतरी आहे. ते आजारी जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचे अंश असू शकतात किंवा दूध टिकावं म्हणून मिसळलेलं एखादं रसायन. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस पेनिसिलिनला इतका नाजूक आहे की अगदी थोड्या अंशानेही तो थांबतो, आणि घरी उकळून ते औषध पूर्णपणे जात नाही. औषध दिल्यानंतर ठरावीक काळ त्या जनावराचं दूध वेगळं काढायचं असतं, तो नियम कुठेतरी मोडला गेला असेल.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

दुधात असं काही असल्याची शंका आली की घरची तपासणी संपली. ते दूध पिणंही थांबवा आणि पुरवठादाराला चाचणीचा निकाल सांगा. तेच पुन्हा घडलं तर अन्नतपासणी प्रयोगशाळेकडे जा. दूध तापवण्याआधीचा नमुना स्वच्छ बंद बाटलीत, बर्फात ठेवून लगेच पोचवा. नमुना किती घ्यायचा ते आधी विचारा. प्रतिजैविकांचे अंश आणि मिसळलेली रसायनं, दोन्हींसाठी तपासणी हवी असं स्पष्ट सांगा, कारण या चाचण्या वेगवेगळ्या असतात.

यंत्र पाण्याच्या चाचणीत सातत्याने ४७ च्या पुढे किंवा ३८ च्या खाली जात असेल तर ते उघडून बघू नका. आत वीज आणि ओलावा शेजारी शेजारी असतात. दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या आणि लिहून ठेवलेले तापमानाचे आकडे सोबत द्या, त्याचं काम सोपं होईल.

घरात गरोदर बाई, तान्हं बाळ, खूप वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या उपचारांवर असलेलं कोणी असेल तर शंकास्पद दही चाखून बघण्याचा प्रश्नच नाही. असं दही खाल्ल्यावर कोणाला वारंवार उलट्या झाल्या, खूप ताप आला, शौचातून रक्त गेलं किंवा लघवी अगदी कमी होऊ लागली तर लगेच डॉक्टरकडे न्या. उरलेलं दही टाकू नका. झाकून, चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवा, डॉक्टरांनी मागितलं तर तपासायला देता येईल.